कुंपणाबाहेरून पाहिलेले गाव

गावाविषयी पुस्तक लिहायचे तर लेखकाने निदान काही दिवस त्या गावात काढलेले असावेत, एवढी माफक अपेक्षा आपण करतो. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या आचे प्रांतातील खेड्याविषयी जे सर्वांत भरघोस पुस्तक आहे, ते या अपेक्षेला जुमानत नाही. ख्रिस्तिआन स्नूक हुर्खरोन्ये या डच पंडिताचा 'दे आत्येहर्स' हा ग्रंथ १८९३-९४ साली दोन खंडांत निघाला. १९०६ साली ओ'सलिव्हन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि आपल्यासारख्या वाचकांच्या हाती जे येते ते हेच भाषांतर. गावाभोवतीचे कुंपण, कुंपणातली वाट, घराचे खांब, लग्नातले देणेघेणे, मुलांचे खेळ, मृताचे स्नान, पंडितांचे वाद, शाहिरांची काव्ये, सारे काही त्यात आहे. लेखकाची नजर चुकवून एखादी टोपलीसुद्धा निसटली असेल असे वाटत नाही. आणि तरीही हा ग्रंथ लिहीपर्यंत डच सैन्याच्या ताब्याबाहेरच्या आचेच्या गावात स्नूकला पाय ठेवता आलेला नव्हता.

हे असे का झाले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. डचांनी १८७३ च्या मार्चमध्ये आचेच्या सुलतानाविरुद्ध युद्ध पुकारले. पहिल्या स्वारीत त्यांचा सेनापती कोहलर मारला गेला. दुसऱ्या स्वारीत, जानेवारी १८७४ मध्ये, राजवाडा हाती लागला. राजवाडा पडला म्हणजे देश पडला, असे डचांना वाटले. गावांना तसे वाटले नाही. दहा वर्षे माणसे आणि पैसा खर्ची घातल्यावर १८८४-८५ मध्ये डचांनी आपले सैन्य कुताराजाभोवती आखडून घेतले. सोळा चौक्या, त्यांना जोडणारी वाफेची ट्रॅम आणि पुढे गोळी मारायला मोकळी केलेली जमीन, अशी ती रेघ होती. जुलै १८९१ ते फेब्रुवारी १८९२ हे सात-आठ महिने स्नूक या रेघेच्या आत राहिला. तो अरबी उत्तम जाणत होता. १८८५ साली मुसलमान म्हणून, अब्द अल-गफार हे नाव घेऊन, तो मक्केत राहून आला होता. त्यामुळे आचेचे तुंगकू, म्हणजे धर्म शिकलेले लोक, त्याच्याशी मोकळेपणाने बोलत. बाहेरच्या गावांतून माणसे येत, बसत, सांगत. तो विचारी आणि टिपून घेई.

या मुक्कामातून त्याने सरकारला एक अहवाल दिला. त्याच्या पहिल्या दोन भागांतून आपल्यासमोरचा ग्रंथ तयार झाला. उरलेले दोन भाग युद्ध कसे चालवावे याविषयी होते. ते गुप्त ठेवले गेले. समीक्षकाने ग्रंथाबाहेरच्या गोष्टींकडे पाहू नये, असे मानणारा एक पक्ष आपल्याकडे आहे. त्या पक्षाचे म्हणणे एरवी मला पुष्कळसे पटते. परंतु येथे ग्रंथाची अर्धी संहिताच ग्रंथाबाहेर आहे. एकाच हाताने, एकाच टेबलावर, एकाच टिपणांवरून लिहिलेल्या चार भागांपैकी दोन आपण वाचतो आणि त्यांना मानवशास्त्र म्हणतो. दुसरे दोन सेनापतींनी वाचले.

ग्रंथाने मात्र आपल्याला प्रथम जिंकून घेतले पाहिजे आणि तो घेतोही. आचेतील गावाला गाम्पोंग म्हणतात. गाम्पोंगला कुंपण आहे, आतल्या प्रत्येक आवाराला पुन्हा कुंपण आहे, आणि आवारा-आवारांमधून अरुंद गल्ल्या जातात. गावाचा एक प्रमुख असतो, कचिक. गावाचा एक धर्मकर्ता असतो, तुंगकू. कचिक हा गावाचा बाप आणि तुंगकू ही आई, असे लोक म्हणतात. पुरुषाला आई म्हणण्याची ही रीत वाचून मला मौज वाटली. कामाची वाटणी पाहिली म्हणजे तिच्यातला नेमकेपणा कळतो: तंटा, दंड, परक्याची चौकशी बापाकडे; जन्म, लग्न, मरण आईकडे. या दोघांच्या जोडीला वडीलधाऱ्यांचे एक मंडळ असते. काही गावांचा मिळून एक मुकिम. त्याची शुक्रवारच्या नमाजाची मशीद एक.

प्रत्येक गावात मनासा नावाची एक इमारत असते. तीत नमाज होतो, पण तेवढेच नाही. जाणते झालेले मुलगे रात्री तेथे झोपतात. परगावचा पाहुणा तेथे उतरतो. ज्या पुरुषाची बायको या गावात नाही, तो तेथे पथारी टाकतो. म्हणजे रात्र पडली की गावातले घर नसलेले सगळे पुरुष एका छपराखाली येतात आणि ते कोण आहेत हे सर्वांना ठाऊक असते. गावाची सुरक्षितता कशात आहे, असे कोणी विचारले तर मी कुंपणाच्या आधी या मनासाकडे बोट दाखवीन. कुंपण ओलांडता येते. ओळखदेख नसताना मनासात रात्र काढणे कठीण.

आणि मग घर. आचेचे घर उंच खांबांवर उभे असते. पुढे पुरुषांची आणि पाहुण्यांची लांब पडवी, मध्ये थोड्या उंचीवर माजघर, मागे बायकांची पडवी आणि चूल. आपल्या ओटी-माजघर-स्वयंपाकघर या मांडणीची आठवण व्हावी, इतके हे जवळचे आहे. खाली खांबांच्या मधल्या सावलीत भाताची कणगी आणि पायाने चालवायचे उखळ-मुसळ. माजघर हे जोडप्याचे. नवरी तेथेच बसते आणि प्रेतही तेथेच ठेवतात. छप्पर सागो ताडाच्या झापांचे. ते दोरांनी असे बांधलेले असते की आग लागली तर दोर कापावा आणि सगळे छप्पर घसरून खाली यावे. खांब आणि तुळया एकमेकांत घालून पाचरींनी ठोकलेल्या, खिळा नाही. त्यामुळे घर उतरवता येते, वाहून नेता येते, दुसऱ्या आवारात उभे करता येते. जमीन ही जागची, घर हे जंगम. विकत घेणारा घर सुटे करून घेऊन जातो.

हे जंगम घर कोणाचे? बाईचे. मोठे आचे आणि पिदी या भागांत मुलीचे लग्न झाले म्हणजे आई-बाप तिला घर देतात. जमले तर भातशेतही देतात. हे देणे जिवंतपणी होते. त्यामुळे धर्मशास्त्रात वारशाच्या वाटणीत मुलीला मुलाच्या निम्मे असले, तरी घराचा प्रश्न मुळी वाटणीपर्यंत येतच नाही. नवरा बायकोच्या घरी येतो. तिला तिच्या गावाबाहेर घेऊन जाण्याचा अधिकार त्याला नाही. बहिणी शेजारी-शेजारी राहतात, आईच्या आवारात घर वाढत जाते, आणि दोन-तीन पिढ्यांत गावाचे एक टोक मावश्या-भाच्यांनी भरून जाते. कुळ मात्र बापाकडून मोजतात. रक्ताचा सूड किंवा खुनाची भरपाई ही बापाच्या कुळाने पाहायची. माणसाचा जीव बापाच्या नात्याच्या हवाली आणि त्याचे छप्पर बायकोच्या नात्याच्या हवाली, अशी ही विलक्षण रचना आहे. स्नूक ती इतक्या शांतपणे उलगडतो की वाचताना तिचे नवल वाटायचे राहून जाते. पुस्तक मिटल्यावर वाटते.

या शांतपणाविषयीच मला तक्रार करायची आहे. युद्धाचे उल्लेख ग्रंथात जागोजाग आहेत. नाहीत असे कोणी म्हणणार नाही. सरदार आणि सुलतान, मौलवी आणि जिहाद यांच्यावर पानेच्या पाने आहेत. परंतु जेथे घराचे, लग्नाचे, शेताचे वर्णन येते तेथे भाषा एका न संपणाऱ्या वर्तमानकाळात शिरते. आचेचा माणूस असे करतो, आचेची बाई तसे करते. जी माहिती सांगायला माणूस ट्रॅमची रेघ ओलांडून आला, त्या माणसाला परत जाताना काय वाटले असेल, हे या वर्तमानकाळात मावत नाही. सूडभावना, कट्यारी, गावागावांतली वैरे यांची नोंद तो लोकांचा स्वभाव म्हणून करतो. अठरा वर्षे तोफा ऐकत जगलेल्या लोकांच्या स्वभावात तोफांचा वाटा किती, हा हिशेब मागायला आपण शिकलो ते नंतर. तरी एवढा चाणाक्ष माणूस तो मागत नाही याची चुटपुट लागतेच. ग्रंथात भय जवळजवळ नाही. गावकऱ्यांचे एकमेकांविषयीचे भय आहे, भुताखेतांचे भय आहे, देवीच्या साथीचे आहे. ऐकणाऱ्या साहेबाचे भय नाही.

एका ठिकाणी मात्र ते भय तळटीपेसारखे डोकावते. दुसऱ्या खंडात आचेच्या वाङ्मयाचा विचार आहे आणि माझ्या मते ग्रंथाचा सर्वांत जिवंत भाग तो. त्यात दोकारिम नावाच्या शाहिराची हकीकत येते. हा निरक्षर होता. कंपनीशी, म्हणजे डचांशी, चाललेल्या युद्धावर त्याने एक दीर्घ काव्य रचले होते आणि ते तो गावोगाव म्हणून दाखवी. श्रोते पाहून तो कडवी बदली. कोणा सरदाराच्या घरी म्हणायचे असेल तर त्या सरदाराचा पराक्रम वाढे. स्नूकने त्याच्याकडून ते म्हणवून घेतले आणि प्रथमच कागदावर उतरवले. शाहिरीचे हे वर्णन वाङ्मयसमीक्षेचा उत्तम नमुना आहे: काव्य हे वस्तू नसून प्रसंग आहे, हे तो सिद्धान्त न मांडता दाखवून देतो. पुढे १८९७ साली तेउकू उमर या सरदाराच्या हुकमाने दोकारिमला ठार मारण्यात आले. डच सैन्याला वाट दाखवल्याचा ठपका त्याच्यावर होता. ठपका खरा होता की खोटा, यापेक्षा मला दुसरेच दिसते. रेघेच्या आत जाऊन साहेबाला काही सांगणे याची किंमत काय होती, ते येथे कळते. ग्रंथातील प्रत्येक ओळीमागे असा एक सांगणारा उभा आहे.

त्यानंतर स्नूकने आणखी एक पुस्तक लिहिले, ते आचेच्या डोंगराळ पोटातल्या गायो लोकांवर. ते १९०३ मध्ये निघाले. गायोच्या डोंगरातही तो कधी गेला नव्हता. येथे तर त्याची पद्धत पूर्णत्वाला गेली म्हणायची: वाटा, ओढे, गावे, घराणी, सारे काही आणलेल्या माणसांकडून ऐकून. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, फान डालेन या अधिकाऱ्याची पलटण या पुस्तकातल्या माहितीचा आधार घेत गायो आणि आलास प्रदेशांत शिरली. गावकरी आपल्या गावाभोवती मातीचे कोट घालून, बायकामुलांसह आत बसले होते. १४ जूनला कुता रे हे गाव पडले. ५६१ माणसे मेली: ३१३ पुरुष, १८९ बायका, ५९ मुले. पलटणीबरोबरच्या नेब या डॉक्टरने फोटो घेतले. त्यांतल्या एकात कोटावर उभे राहिलेले सैनिक आहेत, खाली प्रेतांचा ढीग आहे, आणि त्या सगळ्यांत एक लहान मूल जिवंत बसलेले आहे.

स्नूकने हे घडवले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि आजकाल त्याला टाळीही मिळते. खेड्यांना सरसकट जाळू नका, शेतकऱ्याला शेत करू द्या, हा त्याचा आग्रह होता. फान हॉइट्स या सेनापतीशी त्याचे पुढे बिनसले आणि १९०६ मध्ये तो कायमचा हॉलंडला परतला. पण त्याच्या सल्ल्यात दोन वाक्ये शेजारी-शेजारी नांदत होती: शेतकऱ्याला सुरक्षित ठेवा आणि उलेमांचा निःपात करा. ज्याने गावाचा तुंगकू ही गावाची आई आहे असे टिपले, त्याला ही दोन वाक्ये एका गावात एकत्र राहू शकणार नाहीत, हे कळायला हवे होते. गावातला तुंगकू आणि रणातला उलेमा हे निराळे, असे उत्तर तो देईल. ग्रंथात त्याने तसा भेद केलाही आहे. भेद खरा आहे. पण पलटणीला तो अंधारात दिसत नाही.

स्नूकने ज्या काव्यांची ओळख करून दिली त्यांत 'हिकायत रांतो' नावाचे एक लहानसे काव्य आहे. लबे इसा या पिदीच्या माणसाने ते रचले. पश्चिम किनाऱ्यावर मिरीचे मळे होते. पिदीचे पुरुष मिरी पिकवायला तिकडे जात आणि वर्षानुवर्षे राहत. घर सोडून असे बाहेर जाण्याला रांतो म्हणतात. अफू, जुगार, कर्ज आणि मागे गावात वाट पाहणारी बायको, असा या काव्याचा ऐवज. डचांशी चाललेल्या लढाईवरच्या वीरकाव्यांचा गाजावाजा फार झाला. 'हिकायत प्रांग सबी' तर लढायला उठवते म्हणून डचांनी जप्त केले. त्या मानाने हे काव्य दुर्लक्षित राहिले. १९८० साली ड्रेवस या डच अभ्यासकाने ते संहितेसह छापले, तेव्हा कोठे ते नीट वाचायला मिळाले. मला ते वीरकाव्यांहून मोलाचे वाटते. गावातून गेलेला माणूस परत येईल का, आणि आला तर काय घेऊन येईल, या काळजीवर आचेचे खेडे उभे आहे, हे तेथे गावातल्याच माणसाच्या तोंडून येते. ऐंशी टक्के नीती आणि वीस टक्के काव्य, असा कोणी त्याचा उपहास करील. असेना का. त्या नीतीखाली दुखणे खरे आहे.

याच दुखण्यावर पुढे एका अमेरिकन अभ्यासकाने पुस्तक लिहिले. जेम्स सीगेल १९६२ ते १९६४ या काळात आचेत होता; त्याचे 'द रोप ऑफ गॉड' १९६९ साली प्रसिद्ध झाले. कुराणात अल्लाचा दोर घट्ट धरा, फुटू नका, असे सांगितले आहे, नाव त्यावरून. स्नूकच्या आणि याच्या पुस्तकातला पहिला फरक असा की हा माणूस गावात राहिला. दुसरा असा की त्याला सगळे काही सांगायचे नाही. स्नूकला आचेतील भांडण हे रूढी विरुद्ध धर्मशास्त्र, सरदार विरुद्ध उलेमा, असे दिसले होते. सीगेल म्हणतो की सुलतान, सरदार, उलेमा आणि शेतकरी हे भांडत नव्हते. ते शेजारी-शेजारी, आपापल्या जगात जगत होते. आणि शेतकऱ्याच्या जगात मुख्य गोष्ट कोणती, तर पुरुष आपल्या बायकोच्या घरी पाहुणा असतो.

'घरजावई' हा शब्द मराठी वाचकाच्या ओठांवर येईल. तो आवरला पाहिजे. आपल्याकडे घरजावई हा अपवाद असतो, म्हणून तो थट्टेचा विषय. जेथे सगळेच जावई तसे, तेथे थट्टा संपते आणि काहीतरी निराळे सुरू होते. सीगेलचा पुरुष कापडाची गाठोडी घेऊन दुसऱ्या गावी दुकान मांडतो, रमझानात घरी येतो. आल्या-आल्या त्याचे कोडकौतुक होते. आणलेला पैसा जसा सरत जातो तसतसा मान उतरत जातो. सण झाला की त्याने जावे, असे घरालाच वाटू लागते. हा भाग सीगेलने इतक्या बारकाईने लिहिला आहे की चांगल्या कादंबरीकाराला हेवा वाटावा. मग त्याचा मुख्य विचार येतो. घरात ज्याला जागा नाही त्या पुरुषाला धर्माने एक जागा दिली. बुद्धीने वासनेवर ताबा मिळवणारा, दुसऱ्या पुरुषांच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभा राहणारा मुसलमान, ही ती जागा. गावाचा नाही, कुळाचा नाही, बायकोचा नाही, सर्वांचा. १९३९ साली स्थापन झालेल्या उलेमांच्या संघटनेने हीच हाक दिली आणि पुरुष तिच्यामागे गेले.

विचार म्हणून हे फार देखणे आहे आणि मला त्याची भुरळ पडली हे कबूल करतो. पण पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचत राहते. या पुस्तकात घर बाईचे आहे, शेत बाईचे आहे, भात ती लावते, कापते आणि कणगीत भरते. पण ती बोलते मुख्यतः नवऱ्याच्या पैशाविषयी. मालकीण असणे म्हणजे काय, मालमत्ता राखण्याची रात्र कशी असते, पुरुष गेलेल्या गावात परका आला तर दार कोण उघडते, हे प्रश्न पुरुषाच्या उणिवेच्या मागे झाकले जातात. जयवर्धन यांनी १९७७ मध्ये मोठ्या आचेतील बायका आणि नाती यांवर लिहिले, जॅकलिन सियाप्नो यांनी २००२ मध्ये आचेच्या बायकांवर ग्रंथच लिहिला. तेव्हा ही बाजू थोडी उजेडात आली. सीगेलच्या पुस्तकाच्या सौंदर्यामुळे ती पुष्कळ काळ अंधारात राहिली, असे म्हटले तर अन्याय होऊ नये.

आणि आणखी एक. सीगेल ज्या वर्षी गावात आला, त्याच वर्षी आचेतील दारुल इस्लामचे बंड पुरते शमले होते. १९५३ च्या सप्टेंबरात दाऊद बेरेउएह यांनी ते पुकारले, १९६२ च्या मे महिन्यात ते डोंगरातून खाली आले. मधल्या काळात, १९५५ च्या आरंभी, पुलोत आणि चोत जम्पा या किनाऱ्यावरच्या गावांत सरकारी सैनिकांनी गावकऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. त्याआधी, १९४५ चा डिसेंबर आणि १९४६ चा जानेवारी या दोन महिन्यांत, पिदीतील सरदार घराणी, ज्यांना उलेबालांग म्हणतात, युद्धात संपवली गेली आणि त्यांची मालमत्ता काढून घेतली गेली. पिदीची पुष्कळ चांगली भातशेते त्या घराण्यांकडे गेलेली होती, हे त्या रागाचे एक मूळ. म्हणजे सतरा वर्षांत या गावांनी मालकी बदलताना पाहिली, माणसे मारताना आणि मरताना पाहिली. हे घडल्याचे सीगेलला ठाऊक आहे. उलेमांच्या विजयाची कथा तो सांगतो. तरी त्याचा दोर पुरुषांना एकत्र कसा बांधतो, एवढेच आपल्याला दिसते. तो ज्यांच्या गळ्याला लागला त्यांचे गावात पुढे काय झाले, त्यांच्या बायकांची घरे कोणाची झाली, हे पुस्तक विचारीत नाही. २००० साली नवा मजकूर घालून त्याची दुसरी आवृत्ती निघाली. तोवर आचेच्या गावांवरून फार वाईट दिवस गेले होते.

ते दिवस १९८९ मध्ये सुरू झाले. स्वतंत्र आचेसाठी लढणाऱ्यांना चेचण्यासाठी इंडोनेशियाच्या सरकारने प्रांतात लष्करी कारवाई सुरू केली. ती ऑगस्ट १९९८ पर्यंत चालली. अॅम्नेस्टीने १९९३ साली या कारवाईवर जो अहवाल काढला, त्याला 'शॉक थेरपी' हे नाव दिले. पिदी जिल्ह्यात ग्लुम्पांग तीगा भागातील बिली आरोन गावात उलेबालांग घराण्याचे एक जुने, मोठे, लाकडी घर होते. स्नूकने वर्णन केले त्याच जातीचे. सैन्याच्या खास पथकाने ते घेतले आणि तेथे आठ वर्षे माणसांना आणून छळले. रुमो गेउदोंग हे त्याचे नाव. आसपासच्या गावांना रात्री तेथून येणारे आवाज ऐकू येत.

हे घर मी येथे आणतो ते हळहळ व्यक्त करण्यासाठी नाही. या घरातून सुटलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, १९९८ नंतर ज्या जबान्या दिल्या, त्या आचेच्या खेड्यावरच्या वाङ्मयात मोडतात असे माझे म्हणणे आहे. त्यांत कलाकुसर नाही. कोणी नेले, कोणत्या दिवशी, पडवीतून माजघरात कसे नेले, नवरा कोठे आहे असे कितीदा विचारले, एवढेच. आणि तेथे अचानक जुना प्रश्न उलटा होऊन येतो. या गावांत नवरा घरी नसणे ही नेहमीची गोष्ट होती. तो रांतोला गेला, एवढे सांगितले की पुरे. आता त्याच उत्तरावर बाईला मार बसू लागला. 'हिकायत रांतो'तली बायको वाट पाहत होती. ही बायको वाट पाहते हाच तिचा गुन्हा ठरला. जे पुरुष परत आले नाहीत ते मळ्यात की दुकानात की खड्ड्यात, हे सांगणारे कोणी नव्हते. पिदीतल्या एका गावाला लोक विधवांचे गाव म्हणू लागले. त्या गावात मालकी आधीही बायकांचीच होती. नाव बदलले ते हे एवढ्याने.

२००३ च्या मे महिन्यात दक्षिण आचेतील जाम्बो कपोक या खेड्यात सोळा माणसे मारली गेली. त्यांतली बारा एका घरात घालून जाळली. दोनच दिवसांनी प्रांतात लष्करी कायदा लागू झाला. २६ डिसेंबर २००४ ला समुद्र आला आणि किनाऱ्यावरची गावे कुंपणे, मनासा, घरे यांसकट गेली. १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत तह झाला. त्यानंतर जमिनीची मोजणी करून दाखले देण्याची मोठी योजना निघाली. गाव जमवून, हद्दी एकमेकांना विचारून, नकाशे करण्यात आले, आणि हे काम स्नूकच्या टिपणांपेक्षा प्रामाणिक होते, कारण येथे सांगणाऱ्याला आपण कशासाठी सांगतो हे ठाऊक होते. पण छत्तीस चौरस मीटरची सिमेंटची घरे जेव्हा उभी राहिली, तेव्हा कागदावर नाव कोणाचे, हा प्रश्न आला. कुटुंबप्रमुख म्हटला की पुरुष, हा सरकारी कागदाचा स्वभाव. आईने लेकीला दिलेले घर कोणत्याही कागदावाचून लेकीचे होते. त्याला कागद मिळाला आणि त्यावर जावयाचे नाव चढण्याची वेळ आली. नवराबायकोच्या दोघांच्या नावे दाखला द्यावा, असा आग्रह त्यासाठी धरावा लागला. सिमेंटचे घर पाचर काढून दुसरीकडे नेता येत नाही, हेही आहेच.

या सगळ्यावर स्नूकच्या तोलाचा ग्रंथ अजून झालेला नाही. जबान्या आहेत, अहवाल आहेत, काही चांगल्या कथा आहेत. ज्या कोणी तो लिहील त्याला स्नूकची पाने लागतील, सीगेलचीही लागतील. खांब किती, पायऱ्या कोणत्या बाजूला, कोणाची पडवी कोणती, हे त्याने स्नूककडून घ्यावे. रमझानच्या शेवटच्या आठवड्यातला नवऱ्याचा चेहरा सीगेलकडून घ्यावा. मागच्या पडवीत चुलीपाशी बसलेल्या बाईकडे मात्र त्याला स्वतःलाच जावे लागेल, आणि तिची परवानगी घेऊन.

रुमो गेउदोंग २० ऑगस्ट १९९८ ला जमावाने जाळले. आग लागली की दोर कापून छप्पर खाली आणायचे, ही त्या घरांची जुनी सोय. त्या दिवशी दोर कापायला कोणी पुढे झाले नाही. जे अवशेष उरले होते, ते पुढे पंचवीस वर्षे तसेच उभे होते. २७ जून २०२३ ला इंडोनेशियाचे अध्यक्ष तेथे आले आणि झालेले अत्याचार त्यांनी मान्य केले. त्या समारंभासाठी जागा साफ करताना ते अवशेषही पाडण्यात आले. आचेतील हक्क-संघटनांनी त्याला हरकत घेतली. हा पुरावा होता, असे त्यांचे म्हणणे होते.